कोरी सुई

एर्झुरुममध्ये मार्च, खिडकीत अजून बर्फ.
सात वर्षांत सहा डॉक्टर झाले.
तोंडातल्या फोडांना कुणी उष्णता म्हणालं, कुणी दात, कुणी काळजी.
गुडघा सुजला, तेव्हा: भट्टीपुढे वाकून वाकून.
डोळा लाल झाला,
तेव्हा गुडघ्याचं कुणी विचारलंच नाही.

डॉक्टर नेर्मिन सगळं विचारते. मग तुरगायच्या हातावर
सुई टोचते. औषध नाही त्यात, काही नाही,
नुसती सुई.
"परवा ये. खाजवू नकोस."

परवा तिथे मोहरीएवढा पिवळा फोड.
एवढ्याशा टोचणीचा
इतका डूख धरणारं शरीर!
ती भिंग खाली ठेवते.
खूश होऊ नये अशा गोष्टीवर झालेली खुशी
कागदांत लपवते.

"बरा होईन?"
"नाव सापडलंय," ती म्हणते,
आणि लिहू लागते: गोळ्या, दर महिन्याला रक्त,
डोळ्यांचे डॉक्टर. उद्याच. उद्या म्हणजे उद्या.

जाताना तो टेबलावर पाव ठेवतो,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोमट.
ती घरी जाऊन उघडते.
कडा सगळ्या काढलेल्या, नीट, सुरीने.
दुसऱ्याच्या पावाच्याही,
सवयीने.