अळणी

पहिल्यांदा वाटलं, हात्सुए विसरली.
वाटीत वाफ होती, पातीचा कांदा होता,
मिसोचा तपकिरी ढग तळाशी बसलेला होता.
चव तेवढी नव्हती,
बर्फ उपसायला गेलेल्या माणसासारखी
घरातून निघून गेलेली.

मी म्हणालो, नावडतीचं मीठ अळणी.
ती म्हणाली, मग नावडती म्हणा.
आणि वाटी विसळायला घेतली.

आमच्या गावात बर्फ दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येतो.
चार महिने भाजी म्हणजे पिंपातला मुळा,
मासा म्हणजे मिठातला मासा.
वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले, फावडं हातात असताना.
धाकटे काका न्हाणीघरात.
अंगावरून वारं गेलं, म्हणायची माणसं,
आणि दाराच्या फटी बुजवायची.
वारं पिंपातून येतंय
असं कुणाला वाटलंच नाही.
माझ्यापाशी ते पहाटे तीनला आलं,
संडासाच्या गारठलेल्या फरशीवर.
तेव्हापासून डावा हात पाहुण्यासारखा आहे,
असतो, पण कामाला लावता येत नाही.

मग मोरिया नर्सबाई येऊ लागल्या.
त्यांची ती कांडी सुपात बुडायची,
आकडा यायचा, त्या काही न बोलता लिहायच्या.
बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

पहिल्या महिन्यात मिसो एक चमचा कमी.
मग लोणचं रोजचं गेलं, रविवारचं राहिलं.
शेवयांचा रस्सा वाडग्यातच ठेवायचा.
ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं म्हणतात,
मी साठ वर्षं जागलो, अजून किती जागायचं?
बर्फातल्या बुटात सोया सॉसची बाटली लपवली होती.
आठ दिवसांनी पाहतो तर आत तांदळाचा व्हिनेगर.
हात्सुए शांतपणे मोजे घड्या करत होती.

आणि रोज चालायचं. बस थांब्याच्या खांबापर्यंत,
दोन्हीकडे बर्फाच्या भिंती,
मध्ये आम्ही दोघं, आणि माझी काठी तिच्यावर कुरकुरणारी.

मार्चमध्ये पंचायतीच्या सभागृहात सगळ्यांचं रक्तदाब मोजणं झालं.
माझा आकडा पाहून बाईंनी मान डोलावली.
मी छाती काढून बसलो होतो.
मग म्हणाल्या, हात्सुएसान, तुम्हीपण या ना, पट्टा आहेच बांधलेला.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
बाईंनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला.
एकशे अठ्ठ्याहत्तर.

चाळीस वर्षं प्रत्येक भांड्याची पहिली चव तिनेच घेतली होती.
सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाचं खारट तीच प्यायची,
उरलेलं लोणचं भातावर, उभ्यानेच,
टाकवत नाही म्हणून.
माझं मीठ मोजता मोजता
माझ्या वाटणीचंही तिच्याच पोटात जात होतं.
घरी येताना ती म्हणाली, मला कुठे वेळ होता.
मी काहीच म्हणालो नाही.
माझ्या जिभेवर तेव्हा खूप मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी सूप केलं.
एका हाताने मुळा चिरणं म्हणजे
मुळ्याने माणसाची परीक्षा घेणं.
सुके मासे रात्रभर पाण्यात घातले होते,
वाळलेल्या अळंब्या दोन,
मिसो अर्धा चमचा, तोही थरथरत पडला.
तिने वाटी दोन्ही हातांत धरली.
प्यायली. खिडकीकडे पाहिलं.
अळणी आहे, म्हणाली.
मग वाटी पुढे केली,
अजून आहे का?

परवा मुळ्याला मुळ्याचीच चव लागली.
किंचित तिखट, मागून गोड.
हे आधीपासूनच असं होतं का, मी विचारलं.
ती म्हणाली, मला काय ठाऊक,
मीही आत्ताच खातेय.

आता पट्टा एक, दंड दोन.
कॅलेंडरवर तिचे आकडे मी लिहितो, माझे ती.
तिचे हळूहळू उतरतायत, गुरुवारी पुन्हा चढले होते,
शेजारच्या लग्नातला मासा, तिने कबूलही केलं.

बस थांब्याशी पोचलो की बस येते.
ड्रायव्हर पोरगा रोज दार उघडतो,
रोज विचारतो, कुठे जायचंय?
हात्सुए सांगते, इथपर्यंतच.