उंदराचा खळगा

पहिली शेळी आली.
उद्यमनगरात, आमच्या शेडमध्ये,
नव्या मशीनमागोमाग आलेला फिटर वेई
जाताना माझ्या तेलकट तळव्यावर ठेवून गेला.
दहा युआन. दोन धातू, दोन रंग.
शेळी मी नंतर बघितली.
आधी भिंग लावून सांधा बघितला:
ना डाख, ना वेल्डिंग,
आतली टिकली बाहेरच्या कड्यात
नुसत्या दाबानं बसलेली.

आम्हाला एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं.
चिमटीनं मायक्रॉन दाखवायचो.
तांबडा रस्सा पाजला तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या,
तरी वाटी पुढं केली.

मग दर वर्षी सर्व्हिसिंगला
माकड, कोंबडा, कुत्रा.
डुकराच्या वर्षी सुगंधा म्हणाली,
देव्हाऱ्यापाशी नको हं ते,
आणि स्वतःच पदरानं पुसून
देव्हाऱ्यापाशी ठेवलं.

लक्ष्मीपुरीत रविवारी मुबारक बागवान
जुनी नाणी पसरून बसतात.
त्यांनी फरशीवर वाजवून बघितलं.
"चांदी न्हाई, सोनं न्हाई, आवाज बी न्हाई.
तिकडं लोक रांग लावून घेत्यात
आणि ट्रंकेत घालत्यात म्हणं.
चलन म्हणायचं, आणि जागचं हलत न्हाई!"
मी काही बोललो नाही.
एकमेकांना इतकं घट्ट धरून बसलेलं
खणखणणार कसं?

शिसवाच्या फळीत बारा खळगे कोरले,
सत्तावीस मिलिमीटर, वर पाच शतांश मोकळीक.
बैल, वाघ, ससा बागवानांकडून रोखीनं घेतले.
ड्रॅगनसाठी तीन रविवार घासाघीस.
उंदीर घेतला नाही.
त्यांच्याकडं तीन पडलेत, पाकिटातून न काढलेले,
स्वस्तात देतो म्हणतात.

उंदराच्या वर्षी वेई आला नाही.
पुढंही नाही.
आता काही बिघडलं तर मोबाईलवर एक पोरगी येते,
इंग्रजीत सांगते, हे बटण, मग ते.
मशीन चालू होतं.

परवा शिफ्ट सुटल्यावर
लेथवर पितळेची एक टिकली काढली,
स्टीलचं कडं काढलं,
हातप्रेसवर दाबून बसवायला गेलो.
पहिली दोन कडी फाटली.
तिसरं धरलं.

ठसा कोरता येतो मला,
उंदीर काय, शेपटीसकट, मिशांसकट.
कोरीच ठेवली.

माप माझंच, हातही माझाच,
तरी खळग्यात जरा सैल झाली.
फळी उचलली की
तेवढीच वाजते.