जडसंग्रह

आमच्या विद्यापीठाचा इतिहास दोनदा लिहिला गेला.
एकदा कुलगुरूंनी, चामडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत.
एकदा भांडारपालांनी, एकामागून एक सात जणांनी,
डेडस्टॉक रजिस्टरात.
पहिला कुणी वाचत नाही.
दुसरा मी वाचते, कारण मी सातवी.

पान एक, १८६१.
जमीन साठ एकर, पैकी निम्मी भरतीच्या पाण्याखाली.
कोणाकडून मिळाली, हा रकाना कोरा.
शेगड्या दोन. बाकं सहा. पृथ्वीचा गोल एक.
घंटा एक, जहाजावरची.
जहाज बुडालं, घंटा किनाऱ्याला लागली,
म्हणूनच बहुधा तास संपल्याचं सांगतानाही
ती अजून जीव घेऊन ओरडते.
फी लाकडाची एक गाडी,
किंवा खारवलेल्या हेरिंगची दोन पिंपं.
ग्रीकच्या सरांना पगारात तेच हेरिंग मिळे.
मार्चपर्यंत त्यांच्या क्रियापदांनाही वास यायचा,
असा शेरा आहे.

शेरा हा शेवटचा रकाना, दोन बोटं रुंद.
त्यातच जे काय घडलं ते घडलं.

१८७८, एफ्राइम स्टीव्ह्जचं तिरकं अक्षर:
खुर्ची, नग एक. व्हरांड्यात. वापरात.
खाली: भूमितीच्या खोलीचं दार नीट लागत नाही.
दुरुस्तीची गरज नाही.
दुसऱ्या वर्षी तेच. खुर्ची, दार, गरज नाही.
तिसऱ्या वर्षी: पाय डगमगत होता, पाचर मारली.
चौथ्या वर्षी: खुर्ची आत घेतली.

कुणासाठी, ते शोधायला मला अकरा हिवाळे लागले.
प्रवेशाच्या वहीत मुलींसाठी ओळ नव्हती,
आणि एफ्राइम सुतार माणूस, बेताचा शिकलेला,
जिथे अधिकार होता तिथे त्याने तिला बसवलं.
थर्झा मॅकआल्पिन. दीपगृहवाल्याची धाकटी.
कुलगुरूंच्या ग्रंथात ती एका तळटीपेत आहे,
तिथेही आडनाव चुकलंय.

पुढचं भराभर उलटते.
१९११, आग. गोल जळाला, पृथ्वी खर्ची टाकली.
१९१७, बाकं चाळीस, वापरात नऊ.
शेरा नाही. त्या वर्षी कुणीच शेरा लिहिला नाही.
मग मायक्रोस्कोप, मग सायक्लोस्टाइल,
मग एक सांगाडा, ज्याला मुलांनी टोपी घातली
ती टोपीही रीतसर नोंदलेली.

यंदा विद्यार्थी नऊशे बारा.
ग्रीक बंद झालं, शेवटी दोघं उरले होते,
त्यांतला एक दुसऱ्याच्या प्रेमात होता.
खोली सातमध्ये आता लोरेटा सिलिबॉय मिगमॉ शिकवते,
या साठ एकरांची पहिली भाषा.
पट चार. अंदाजपत्रकाला चार दिसत नाहीत.
एकदा ती भांडारात खडू मागायला आली,
पान एक उघडं होतं.
कोऱ्या रकान्यावर तिने बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.
मी पेन्सिल पुढे केली.
म्हणाली, शाई नाही का?

जूनमध्ये मी निवृत्त होते.
रजिस्टर संगणकात जाईल. बाईंनी नमुना दाखवला,
नीटनेटका. शेऱ्याचा रकाना नाही.

काल बर्फ फार होतं.
बर्फ काढणारा रेमंड, साठीचा,
फावडं भिंतीला टेकवून सातच्या बाहेर उभा होता.
आत चौघं एकसुरात काहीतरी म्हणत होती.
त्याचे ओठ हलत होते, अर्धा शब्द मागे,
घरातला जुना जिना अंधारात उतरावा तसे.
मी परत भांडारात गेले.

खुर्ची, नग एक. व्हरांड्यात.
तो बसला नाही. ओले हातमोजे तेवढे
तिच्यावर ठेवले.
शेरा: वापरात.
दाराचं मी अजून काही लिहिलेलं नाही.