पंधरा सेकंद

डावी कळ दाबली की एक गोळी, लगेच.
उजवी दाबली की चार,
पण पंधरा सेकंद थांबून.
पेटीत एवढाच प्रश्न असतो.
उंदराला तो रोज साठ वेळा विचारायचा.

मे महिना. बाहेर सत्तेचाळीस.
उंदरांना एसी, आम्हाला कूलर.
डोमाजी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारता मारता सांगतो,
"मॅडम, सतरा नंबर आजबी डावीकडेच."

सतरा नंबर. शेपटीवर तीन निळ्या रेघा,
दिवा लागायच्या आत नाक खुपसणारा.
बाकीचे वाट पाहतात, म्हणजे
मिशा पुसतात, कोपरा हुंगून येतात.
याला पंधरा सेकंद म्हणजे
भर दुपारचा व्हेरायटी चौक
आणि सिग्नलचे आकडे बंद.

मेंदूच्या तळाशी तिळाएवढ्या जागेत
डोपामीन ठिबकतं.
पुस्तकं त्या जागेला बक्षिसाची म्हणतात.
मला ती चाहुलीची वाटते:
तर्री ताटात पडायच्या आधी
गंजावर पळी वाजते ना, ती.
ज्याच्या कानात ती चाहूल टिकत नाही
त्याला चार गोळ्या दिसतच नाहीत,
मग तो त्या सोडतो असं कसं म्हणायचं?
(प्रबंधात मी हे असं लिहीत नाही.)

माझ्या भावाला, हेमराजला, शाळा भिंगरी म्हणायची.
पाचवीत त्याने तेरा कंपास हरवले.
बाबांनी कधी मारलं नाही.
एकदा फक्त मागावरून उठून आले
आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले,
धोट्याला धरून ठेवावं तसे.

पण त्याच मागावर तो चार-चार तास हलायचा नाही.
फणीचा एक ठोका, एक सूत कापड.
करवती काठाचा एक दात, डोळ्यांदेखत.
त्याचं बक्षीस पुढच्या परीक्षेपर्यंत थांबत नव्हतं.
एवढं कळायला मला
एम. फार्म. आणि चार वर्षांचे उंदीर लागले.

आमच्या रेणूला नाव नाही, नुसता आकडा.
दोन बाटल्या, अ आणि ब, दोन्ही पाण्यासारख्या.
कशात औषध, कशात सलाईन,
ते पाकीट बोखारे सरांच्या कपाटात.

तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबर थांबला.
उजवी कळ, पंधरा सेकंद, चार गोळ्या.
मग पुन्हा. मग पुन्हा.
मी हेमराजला फोन केला.
सीताबर्डीच्या दुकानात, कोणाचा तरी मोबाईल उघडून बसलेला.
"निघालं औषध, तर मले बी दे," म्हणाला,
"कामाच्या वक्ती नको. बायको बोलते ना, तेव्हापुरतं."

जूनच्या अखेरीस पाकीट फोडलं.
अ औषध. सरासरीत चाललं, थोडं, पण चाललं.
सर पेढे आणायला निघाले.
सतरा नंबर ब होता.
मिठाचं पाणी.

डोमाजीने नखाने टेबलाचा कोपरा खरवडला.
"मी मोजत होतो मॅडम. त्याच्या पेटीपाशी बसून.
एक, दोन, तीन... रोज, पंधरापर्यंत.
तो लय घाबरत होता, म्हणून."

चाचणीच्या भाषेत याला बिघाड म्हणतात.
मी सतरावी ओळ तांबड्या पेनाने खोडली,
शेऱ्यात लिहिलं: वगळले.
"म्हणजे याचा मेंदू आता कापायचा नाही ना?"

वगळलेल्यांसाठीही तोच कागद असतो.
फक्त तारीख भरायची.
मी कागद ओढला, टोपण काढलं.
पेटीत तो मिशा पुसत होता.
डोमाजी काही बोलला नाही,
तर मीच मनात मोजायला लागले,
आणि अकरावर लाइट गेली.