दारं

नाशिकहून पहाटेच्या एसटीनं आलो, बागलाणात,
मोसमच्या फडावर.
हर्षदा बागूल भूगर्भाची, वसीम अत्तार कायद्याचा,
मी स्थापत्यातली,
प्रवाहमापी पाटात बुडवून उभी.

काय म्हणतंय यंत्र? तुळजीराम पाटकरी.
सेकंदाला बावीस लिटर.
बरं, म्हणाले,
आणि फावड्याच्या एका ओढीत दारं मोडलं.

वसीम : पाळी कुठं लिहिलीय?
हर्षदा : खाली मुरूम की काळा खडक?
ते गवतासकट चिखलाचा गोळा
दाऱ्यात दाबत राहिले टाचेनं.

शेपटाच्या वावरात पोचलं का,
ते बघून या आधी.

गेलो. चपला हातात, वह्या काखेत.
पाणी आमच्या मागं, जरा उशिरा,
भेगा भरत, बुडबुडत,
कुणाच्याच विषयाचं नसल्यासारखं.