शेऱ्याचा रकाना

मांजरी बुद्रुक, नदीच्या अंगाला.
सकाळचे पावणेसात.
टेम्पोतून उतरवली लोखंडी काठी:
वर आठ किलोचा हातोडा,
खाली सुपारीएवढं टोक, साठ अंशांचं.
इथून रस्ता जाणार आहे, अठरा मीटरचा.
तो कशावर उभा राहील
हे आधी मातीला विचारायचं.

दस्तगीर मुलाणी हातोडा उचलतो
वरच्या कडीला टेकवतो
सोडतो.
ढकलायचा नाही, ही पहिली अट.
पावणेसहाशे मिलिमीटर
त्याचा त्यानं पडायला हवा.
मी पट्टीशी डोळा लावून उकिडवी बसते,
सांगते, सात. सहा. सात. आठ.
रेणुका लिहिते.

एप्रिलची काळी माती वरून खापरासारखी.
भेगेत अख्खा पंजा जातो.
वीतभर खाली मात्र
उसाला दिलेल्या जुन्या पाण्याची ओल,
तिथं टोक जरा सैलावतं, अकरा, तेरा,
मग मुरूम. चार. तीन. दोन.
दस्तगीरच्या मनगटात झिणझिण्या येतात
तेव्हा तो आकड्याची वाट न पाहता म्हणतो,
"लागला."
वीस वर्षांचा त्याचा ठोकताळा,
माझ्या पट्टीच्या नेहमी अर्धा ठोका पुढे.

कॉलेजात सरांनी फळ्यावर एक चौकट काढली होती,
तिचे तीन भाग: कण, पाणी, हवा.
चौकटीला पत्ता नव्हता.

साखळी एकशे चाळीस.
नऊ. दहा. नऊ.
चौसष्ट.
"नीट बघा मॅडम."
नीटच बघतेय. एकशे दहा.
मग हातोडा उचलायच्या आतच
काठी आपल्याआप खाली जाते,
झोपेत कुणी कूस बदलावी इतक्या सावकाश.
दस्तगीर दोन्ही हातांनी धरतो तिला
आणि पाय मागे घेतो.

बांधावर एक मोपेड थांबलेली,
दुधाचे दोन कॅन, टोपी घामानं पिवळी.
गुलाब घुले. नाव नंतर कळलं.
आधी कळलं ते असं,
"खळदकरांच्या हिरीत घातलीय की वो काठी!"

सहा परस खोल. दगडी बांधणीची. दक्षिणेला पायऱ्या.
याच जागी, म्हणे, काठावर,
थोरल्या भावानं पाठीला भोपळा बांधला
आणि ढकललं.
"ढकललं बरं का. सांगून नाही."
एका उन्हाळ्यात मोटर वर आली ती परत उतरली नाही,
मग रात्रीचे डंपर, हडपसरकडचा राडारोडा,
फरशा, कमोडचे तुकडे, कुणाच्या तरी भिंतीचा निळा रंग.
"तीन महिने टाकत होते.
भरतच नव्हती."
वर चार बोटं काळी माती पसरली
आणि तिनंही पहिल्या उन्हात
बाकीच्या मातीसारख्याच भेगा पाडल्या.

आम्ही काठी ओढून काढली.
टोकाला चिकटलेलं काहीतरी हिरवट काळं,
रेणुकानं बोटानं पुसलं, हुंगलं,
काही बोलली नाही.
मग पेन वर धरून विचारलं,
शेऱ्यात काय लिहू?

रकाना दीड इंच रुंद.
त्यात पायऱ्या बसत नाहीत.
मी म्हटलं, लिही, भराव. खोली अज्ञात. बोअर घ्यावे.
तिनं लिहिलं. अक्षर छान आहे तिचं.

घुल्यांनी गाडीला किक मारली.
समोर सपाट रान, एक झुडूपसुद्धा नाही,
सरळ गेले असते तर नदीच्या रस्त्याला लागले असते.
नाही गेले.
हँडल वळवलं, दुधाचे कॅन कलंडले थोडे,
आणि काहीच नसलेल्या जागेला
गोल वळसा घालून गेले.

दस्तगीरनं हातोडा खांद्यावर घेतला.
तोही तसाच गेला, त्याच चाकोरीवरून.
त्याच्यामागे रेणुका, वही छातीशी धरून.
मी टेप उलगडत होते
म्हणून मला सरळ जावं लागलं.

साखळी एकशे साठ.
सात.
सात.
आठ.