पावणेआठ

आधी वेळ ठरली, भिंती नंतर.
सप्टेंबरातले पावणेआठ.
सूर्य निघतो निघतो म्हणत
दारातच उभा राहून बोलत राहतो, तेवढे.
बाहेर ब्राबांटमध्ये भर दुपार असो, गारा पडोत,
शाळेच्या सहलीच्या चार बस येवोत,
आत पत्र्याच्या छपराखाली, खोट्या बंदरावर,
तिन्हीसांज चालू राहणार
सकाळी दहा ते रात्री नऊ.
सोमवारी बंद.

होड्या दर बावीस सेकंदांनी.
एकीत सोळा माणसं, सोळांचे बूट ओले.
आमच्या टेबलांसमोरून ती संथ सरकणार
आणि कोपऱ्यापलीकडच्या अंधारात कोसळणार.
किंकाळ्या सूपपर्यंत पोचू नयेत
म्हणून मी एक वळण मागितलं.
रुळांचं काम बघणाऱ्या युरियाननं
नऊ मीटर दिले,
वडिलोपार्जित जमिनीतून द्यावेत तसे.

मेणबत्तीएवढा उजेड कागदावर देखणा होता.
ताटात मात्र मासा आणि काटा
एकसारखेच दिसायला लागले.
मग प्रत्येक टेबलावर वरून एक लपवलेला दिवा,
फक्त ताटापुरता.
पाण्याला ब्रोमिनचा वास,
त्यावर भाजत्या पावाचा वास पंख्यानं ढकलायचा.
बाहेर पडायची हिरवी पाटी मी बंदराच्या दिव्यात दडवली होती.
अग्निशमनवाले हसले, सही केली नाही.
पाटी पाटीसारखी लावली.
तिच्यामुळे कुणाची संध्याकाळ मोडली नाही.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात ना,
ते सात नंबरच्या टेबलाखाली मुरत होतं.
तीन आठवडे गेले त्यात.

आणि ती रेषा.
वीत्स्कानं गिलाव्यावर रंगवलेली,
जुन्या पुराची, खांद्याइतक्या उंचीवर,
कडेला शेवाळ, मिठाचे पांढरे ओघळ.
भिंत एका दिवसात शंभर वर्षांची झाली.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

चाचणीच्या जेवणाला कामगारांची घरची माणसं आली.
वीत्स्कानं सासऱ्यांना आणलं,
लेंडर्ट, झेलंडकडचे.
त्रेपन्न साली ते नऊ वर्षांचे होते.
ते थेट भिंतीपाशी गेले, रेषेवर तळवा ठेवला
आणि विचारलं, "किती दिवस होतं?"
कुणाला उत्तर सुचेना.
वीत्स्का म्हणाली, "बाबा, पुसते मी."
"पुसू नकोस. खाली आण.
घोट्यापर्यंत ठेव.
घोट्यापर्यंतचं पाणी माणसाला गोष्टीत सांगता येतं."

मग त्यांनी खुर्ची उचलून फिरवली
आणि पाण्याकडे पाठ करून बसले.
वाटाण्याचं सूप संपवलं, पाव दोनदा मागितला.

माझ्या नकाशात दोनशे बारा खुर्च्या होत्या
आणि एकूण एक पाण्याकडे तोंड करून.
मला त्याचा अभिमान होता.

आता खांबामागे बारा नंबरचं टेबल आहे,
तिथून होडी दिसत नाही.
व्यवस्थापकांनी विचारलं, ही जागा वाया का घालवली?
मी सांगितलं, खांबाचा भार.
खोटं होतं, पण इथं काय खरं आहे?
वाढपी सूर्जन, पारामारिबोहून आलेला,
सांगतो, मॅडम, महिन्यातून एकदोघं
तेच टेबल मागून घेतात. कारण सांगत नाहीत.

होडीतल्यांना वाटतं, हे जेवणारे पगारी असतील.
जेवणाऱ्यांना वाटतं, होडीतले.
दोन्हीकडची मुलं एकमेकांना निरखत राहतात,
एखादं चमचा दाखवतं.

काल मी बारा नंबरवर जेवले.
सूप कोमट होतं, तक्रार केली नाही.
पाठीमागून होडी गेली.
कुणीतरी हात केला असावा,
कारण सूर्जननं ट्रे डाव्या हातात घेतला
आणि उजवा हलवला.